हिरव्या डागाचा जंतू आणि डोळ्यांचे थेंब

जखमेवरच्या पट्ट्यांवर कधीकधी निळसर-हिरवा डाग उमटतो, हे युरोपातल्या शल्यविशारदांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्या डागामागचा जंतू फ्रान्समधल्या कार्ल जेसार या औषधशास्त्रज्ञाने १८८२ साली वेगळा काढला. आज त्याला ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ म्हणतात. ‘एरुजिनोसा’ म्हणजे तांब्यावर धरणाऱ्या हिरव्या थराच्या रंगाचा. हा मुळात पाण्यातला रहिवासी. नळात, मोरीत, ओलसर कोपऱ्यात राहतो आणि जवळजवळ काही न खाता तग धरतो. डोळ्याच्या औषधांशी त्याची गाठ पडली ती या स्वभावामुळेच.

निरोगी पारपटल, म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, त्याला सहसा दाद देत नाही. पण ओरखडा पडला की तो आत शिरतो. या पडद्याला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराची कुमक उशिरा पोहोचते. तोवर जंतूची विकरे पडदा विरघळवू लागतात, आणि एक-दोन दिवसांत डोळा हातचा जाऊ शकतो.

असा ओरखडा शोधण्यासाठी डॉक्टर फ्लुओरेसिन नावाचा रंग डोळ्यात घालतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा रंग बाटलीत भरून ठेवलेला असे, आणि नेमका त्या द्रावणात हा जंतू उत्तम वाढे. म्हणजे ओरखडा शोधायला आणलेला थेंबच जंतूला ओरखड्यापर्यंत पोहोचवी. १९५१ मध्ये सॅम्युअल किमुरा या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने उपाय सुचवला: रंग कागदावर सुकवायचा आणि निर्जंतुक पट्टी वापरायची. ओलावा नाही, तर जंतू वाढणार कशात? आपल्या नेत्रतज्ज्ञांकडच्या नारिंगी पट्ट्या त्याच वंशातल्या.

हा धडा छापील स्वरूपात उपलब्ध असताना २०२२-२३ मध्ये अमेरिकेत जे घडले, ते वाचून मी थक्क झालो. कोरड्या डोळ्यांसाठी चिठ्ठीविना मिळणारे कृत्रिम अश्रू वापरणाऱ्यांना या जंतूची लागण होऊ लागली. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू झाला. काहींचा संसर्ग तर डोळ्यात नव्हे, रक्तात किंवा फुप्फुसात आढळला. अश्रू नाकात उतरतात, हे रडताना आपण सगळेच अनुभवतो. थेंबांचाही मार्ग तोच.

या वाणाकडे व्हीआयएम आणि जीईएस अशी दोन प्रतिजैविके निकामी करणारी विकरे होती. पहिल्याच्या नावात इटलीतले वेरोना आहे, दुसऱ्याच्या नावात फ्रेंच गयाना. (अशाच एका विकराला नवी दिल्लीचे नाव दिल्यावरून २०१० साली आपल्याकडे मोठा गदारोळ झाला होता.) कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही त्याच्यापुढे चालेनात; तपासलेल्या काही नमुन्यांवर सेफिडेरोकॉल हे नवे औषध लागू पडले.

बातम्यांनी भर दिला तो या प्रतिकारावर. मला तो उत्तरार्ध वाटतो. प्रतिकारामुळे उपचार खुंटले, पण लागण झाली ती बाटलीमुळे. रुग्णांनी अनेक ब्रँड वापरले होते; त्यांत सर्वाधिक आढळले ‘इझ्रीकेअर’ थेंब, चेन्नईजवळच्या ग्लोबल फार्माने बनवलेले. त्यांत परिरक्षक नव्हते, तरीही बाटली पुन्हापुन्हा उघडून वापरायची होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये माल परत मागवला गेला. रुग्णांकडच्या उघडलेल्या बाटल्यांत तोच वाण सापडला. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने मात्र आपण तपासलेले नमुने स्वच्छ असल्याचे सांगितले. नमुने वेगळे असतील तर दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. अमेरिकी निरीक्षक त्याच महिन्यात कारखान्यात पोहोचले, आणि त्यांच्या अहवालातली एक नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते: डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२२ या काळात तयार झालेल्या मालाची उत्पादन प्रक्रियाच सदोष होती.