आधी वसतिगृह, मग विद्यापीठ

वस्तीतले पोर विद्यापीठात पोहोचले की लोक म्हणतात, 'स्वतःच्या हिमतीवर शिकले.' हे अर्धसत्य आहे. इतिहास पाहा.

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. कारण उघड होते. शाळेत नाव घातले, तरी शहरात अस्पृश्य मुलाला खोली कोण देणार?

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. तिथे सकाळी वर्ग भरत. त्यामुळे नोकरी करणाऱ्यालाही शिकता आले. १९५० साली सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली, म्हणजे आठ वर्षांनी!

म्हणून 'मेरिट' एकट्याचे नसते. त्यामागे जेवण, खोली, पुस्तके आणि फॉर्म भरून देणारे कुणीतरी असते. आज शिष्यवृत्ती रखडली की पहिल्या पिढीतला विद्यार्थी मेसच्या थकबाकीपायी गावी परततो. हक्कासाठी सरकारशी भांडूच. पण तोवर त्याची मेस कोण भरणार? नोकरीला लागलेल्या आपण प्रत्येकाने एका विद्यार्थ्याचा एक महिना तरी उचलावा.

जयभीम!