मोहाच्या फुलापासून तटस्थ मद्यार्कापर्यंत : उत्तर कोकणातील आबकारी नियंत्रण

आचोळे आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. एकोणिसाव्या शतकात मात्र ते ठाणे जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील, म्हणजेच ताडमाडांच्या मुलखातील एक खेडे होते. किनाऱ्यालगत भंडारी समाज ताडी काढून ती गाळीत असे. पूर्वेच्या डोंगराळ भागात मोहाच्या फुलांची दारू होई. मडक्यांच्या भट्टीत मद्यार्काबरोबर मूळ द्रव्याचा गंधही उतरे. दारूवरून झाड ओळखता येई.

तटस्थ मद्यार्काचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे. अखंड चालणाऱ्या मनोऱ्यांत बाष्पाचे पुनःपुन्हा शुद्धीकरण होऊन मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने सुमारे ९६ टक्क्यांवर जाते. मूळ द्रव्य मळी असो वा धान्य, त्याची खूण जवळजवळ उरत नाही. मग पाणी घालून तीव्रता उतरवावयाची आणि हवा तो स्वाद द्यावयाचा. जिन, व्होडका आणि भारतातील बरीचशी स्वस्त व्हिस्की अशाच रीतीने तयार होते. १८३० मध्ये अशा मनोऱ्याचे पेटंट घेणारा ईनियस कॉफी हा आयर्लंडमधील माजी आबकारी अधिकारी होता, ही बाब बोलकी आहे.

उत्तर कोकणात यंत्राआधी कायदा आला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडी काढणेही परवान्याखाली आणले व झाडामागे कर बसविला. गावोगावच्या भट्ट्यांची जागा उरणच्या मोठ्या भट्ट्यांनी घेतली. तेथील दारू मोहाचीच, परंतु ठरावीक तीव्रतेची असे. सरकारला चव नव्हे, मोजमाप हवे होते. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले. ही फुले आदिवासींचे टंचाईतील अन्नही होते. महसुलाच्या हिशेबात त्या अन्नाला स्थान नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखानदारी विस्तारली, मळी मुबलक झाली आणि मोह मागे पडला. मोजमाप तेवढे टिकले : महाराष्ट्रातील देशी दारूची ४२.८ टक्के ही तीव्रता म्हणजे ब्रिटिशकालीन ‘२५ अंडर प्रूफ’च होय.

दारू होण्यापूर्वीच्या द्रव्यावर कोणाचा अधिकार, हा १८९२ मधील प्रश्नही पुढे नव्या रूपात उभा राहिला. ‘मादक मद्य’ म्हणजे केवळ पिण्यायोग्य मद्य, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ मध्ये ठरविले होते. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने तो निर्णय फिरविला आणि औद्योगिक मद्यार्कावरील राज्यांचा अधिकार मान्य केला.