पैशाला लागलेले हात

२०२० च्या मार्च महिन्यातली गोष्ट. २३ तारखेला पंतप्रधानांनी सर्वांना घरात बसायला सांगितले आणि एरवी शनिवारी पाय ठेवायला जागा नसणारा वेम्बलीचा ईलिंग रोड एकाएकी ओस पडला. आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेल्या एक मराठी मावशी एकट्याच राहतात. त्यांचा भाजीपाला मी आणून देऊ लागलो. कार्डाने पैसे देणे त्यांना कधी जमले नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी दाराच्या फटीतून वीस पौंडांची नोट पुढे केली. प्लॅस्टिकची ही नवी नोट महिन्याभरापूर्वीच, २० फेब्रुवारीला, चलनात आली होती. मी हातमोजे घालून ती घेतली, बरोबर नेलेल्या डब्यातल्या साबणाच्या पाण्यात बुडवली आणि चिमटा लावून त्यांच्याच कुंपणावर वाळत घातली. स्वतःच्या शास्त्रीय दृष्टीवर मी बेहद्द खूश होतो.

मावशी खिडकीच्या काचेआडून बघत होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, आमच्या वस्तीतल्या माणसांचे पैसे गावचा दुकानदार असेच पाणी शिंपडून घ्यायचा. फक्त साबण नव्हता."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादी जुनी आठवण सांगावी तसे त्या बोलल्या. पण मला ते वाक्य सोडीना. पैशाच्या स्वच्छतेविषयी मिळेल ते मी तेव्हापासून वाचत आलो. मी डॉक्टर आहे तो इंजिनियरिंगमधला, औषधांचा नव्हे. तेव्हा वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. पण वाचनातून जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

पैशातून रोग येतो ही भीती जंतूंच्या शोधाहून पुष्कळ जुनी आहे. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. त्या वर्षाचे वर्णन डॅनियल डिफोने १७२२ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. त्यात खाटीक गिऱ्हाइकाच्या हातून नाणी घेत नाही. गिऱ्हाइकाने ती व्हिनेगरने भरलेल्या भांड्यात टाकायची. त्याच साथीत डर्बीशायरमधल्या ईम या खेड्याने, विल्यम मॉम्पेसन या धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून, स्वतःला कोंडून घेतले. रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून कोणी शीव ओलांडायची नाही असे ठरले. शिवेवर एक दगड आहे. त्यातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून गावकरी त्यात नाणी ठेवीत आणि बाहेरचे लोक त्या बदल्यात धान्यसामान ठेवून जात, असे परंपरेने सांगतात. दगड आजही तिथे आहे. पीक डिस्ट्रिक्टला सहलीला गेलात तर जरूर पाहा.

व्हिनेगरचा उपयोग झाला का? प्लेगपुरता नाही. प्लेग नाण्यांवरून येतच नव्हता. पण हे कळायला आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली आणि ते कळले आपल्याकडच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. घरे कार्बोलिकने धुतली गेली, कपडे आणि अंथरुणे जाळली गेली. पुण्यात रँडच्या अमलाखाली घरांत सोजीर घुसले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय झाला ते आपण शाळेत शिकलो आहोत. जंतू तर १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता; पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखविले, आणि तेही सर्वांच्या गळी उतरायला काही वर्षे लागली. तोवर सरकारने माणसांच्या वस्तूंवर आणि माणसांवर हल्ला चढविला. पिसवा सुखरूप राहिल्या.

मग नोटांवर जंतू नसतातच की काय? असतात, भरपूर असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीतल्या दुकानदार-फेरीवाल्यांकडच्या दहा, वीस आणि शंभर रुपयांच्या नोटा तपासल्या, तेव्हा त्यांवर रोगकारक अशा ७८ प्रकारच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा आढळल्या. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पण त्या पाहणीत सापडला तो सूक्ष्मजीवांचा डी.एन.ए. घरात पाऊलखुणा दिसल्या म्हणजे चोर आत बसला आहे असे होत नाही; तो केव्हाच निघून गेलेला किंवा मेलेला असू शकतो. २०१० साली दहा देशांतल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांतून गोळा केलेल्या नोटांच्या पाहणीत प्लॅस्टिकच्या नोटांवर सुती कागदाच्या नोटांपेक्षा जिवाणू कमी दिसले. कारण साधे आहे. सुती कागदाच्या धाग्यांत घाम, तेलकटपणा आणि मळ मुरतो, गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो तितका ठरत नाही.

विषाणूंचे गणित थोडे वेगळे. २००८ साली स्विस संशोधकांनी नोटांवर फ्लूचे विषाणू सोडले. ते तीन दिवसांपर्यंत टिकले आणि शेंबडासकट सोडले तेव्हा सतरा दिवसांपर्यंत. ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातून बातमी आली की कोरोनाचा विषाणू नोटेवर २८ दिवस राहतो. आमच्या घरी त्या दिवशी पाकिटे बाल्कनीत गेली! पण तो प्रयोग अंधारात, २० अंश तापमानात केलेला होता. पुढच्याच महिन्यात बँक ऑफ इंग्लंडने आपण करवून घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. त्यांत पहिल्या तासानंतर विषाणू झपाट्याने घटला, सहा तासांनी पाच टक्के किंवा त्याहून कमी उरला आणि चोवीस तासांनी एक टक्क्याहून कमी. नोटांमुळे लागण होण्याचा धोका कमी आहे, असा बँकेचा निष्कर्ष होता.

आम्हा इंजिनियरांना साखळी मोजायची सवय असते. आजारी माणसाच्या नाकातून त्याच्या बोटावर, बोटावरून नोटेवर, नोटेवरून दुसऱ्याच्या बोटावर आणि त्या बोटावरून त्याच्या नाकातोंडात. प्रत्येक कडीला बराचसा माल गळतो. कोरोना पसरला तो मुख्यतः हवेतून. बंद खोलीत दुकानदाराशी दोन मिनिटे गप्पा मारणे त्याने दिलेल्या सुट्या पैशांपेक्षा जास्त धोक्याचे होते. पोटाचे आजार मात्र या साखळीने येऊ शकतात आणि त्यातली शेवटची कडी तोडणे सर्वात सोपे: जेवणापूर्वी हात धुणे. आपल्या आज्यांना ते ठाऊक होते. अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजण्याची आपली राष्ट्रीय सवय मात्र त्यांनी मोडली नाही, आणि मला विचाराल तर नोटांबाबतची सर्वात घाणेरडी गोष्ट तीच. बँकेतला कॅशियर ओल्या स्पंजची डबी जवळ ठेवतो, तो शहाणा. रिझर्व्ह बँकेने २००१ साली नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणे बंद करायला सांगितले. हेतू नोटा धडक्या राहाव्यात असा होता. पण भोके पडलेल्या, फाटक्या, मळकट नोटा त्यामुळे कमी झाल्या हेही खरेच.

इथवर सगळे विज्ञानाचे झाले. पण "स्वच्छ" आणि "शुद्ध" हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि घोटाळा तिथे होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये पाच पौंडांची प्लॅस्टिक नोट आली. कागदी नोटेपेक्षा ती निःसंशय स्वच्छ होती. नोव्हेंबरमध्ये मात्र बाहेर आले की तिच्या प्लॅस्टिकमध्ये जनावरांच्या चरबीचा अत्यल्प अंश आहे. या देशातल्या काही हिंदू मंदिरांनी ही नोट दानपेटीत टाकू नका असे सांगितले, शाकाहारी मंडळींच्या निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. बँकेने लोकांची मते मागविली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आहे तेच प्लॅस्टिक चालू ठेवायचे ठरविले. ज्यांना ती चरबी नको होती त्यांच्या भावनेची मी थट्टा करीत नाही. मी स्वतः शाकाहारी आहे. सांगायचे इतकेच की सूक्ष्मदर्शकाखाली अधिक स्वच्छ ठरलेली नोट देवळात ओवळी ठरली. जंतूंचा हिशेब एक आणि मनाचा हिशेब दुसरा.

मावशींचे वाक्य या दुसऱ्या हिशेबाचे होते. अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाने नाणे जमिनीवर ठेवायचे आणि दूर व्हायचे, दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचे आणि माल वरून टाकायचा, असा रिवाज होता. पाण्याच्या चार थेंबांनी नाणे शुद्ध होई. देणारा माणूस कशानेच होत नसे.

याचे सर्वात बोचणारे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साल १९०१ च्या आसपासचे. वडील सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर होते आणि त्यांचे काम काय, तर कॅशियरचे! सरकारचा पैसा त्यांच्या हातून जात होता. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. जात कळल्यावर तो मागे सरला. एकही गाडीवान मुलांना घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर तोड निघाली: गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. पैसा त्याला चालला, दुप्पट चालला. गाडीवर शेजारी बसणे चालले नाही. हाच मुलगा पुढे याच लंडनमध्ये शिकला आणि १९२३ साली "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा त्याचा ग्रंथ इथेच प्रसिद्ध झाला. वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइनने स्विस कॉटेजला उतरले की १०, किंग हेन्रीज रोड हे त्यांचे घर चालत जाण्याइतके जवळ आहे. आता तिथे स्मारक आहे. रुपयाच्या मूल्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला माणसाच्या मूल्याचा प्रश्न आधी भेटला होता, हे तिथल्या पायऱ्या चढताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

ईम गावचे खळगे आणि दुकानदाराचे शिंपडणे यांत बाहेरून पाहता फरक दिसत नाही. दोन्हीकडे नाणे ओलेच होते. पण ईमचे लोक दुसऱ्यांना वाचविण्यासाठी आपणहून मागे थांबले होते, तर इथे दुसऱ्याला मागे थांबविले जात होते. साथ संपली की खळगे कोरडे पडले. दुकानदाराच्या पाण्याला साथ लागत नव्हती, म्हणून ते पिढ्यान् पिढ्या पडत राहिले.

आता आजच्या वेम्बलीकडे येऊ. १ एप्रिल २०२० ला कार्ड नुसते टेकवून देण्याची मर्यादा ३० वरून ४५ पौंड झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १०० पौंड. २०१० साली या देशातले निम्म्याहून अधिक व्यवहार रोखीने होत. २०२० मध्ये ते १७ टक्क्यांवर आले आणि २०२३ मध्ये १२ टक्क्यांवर. सोय आहे, मीही कार्डच वापरतो. पण साथीत "रोख स्वीकारणार नाही" ही पाटी ज्यांनी आरोग्याच्या नावाने लावली त्यांतल्या काहींनी ती साथ सरल्यावरही काढली नाही. कायदा त्यांना अडवीत नाही. हिशेब सोपा होतो, चोरीची भीती राहत नाही, ही कारणे समजण्यासारखी आहेत; मग ती कारणे सांगावीत. जंतूंचे नाव पुढे करू नये. त्या पाटीपुढून परत फिरतात ते बहुधा मावशींसारखे म्हातारे, नाहीतर रोजची मजुरी रोख मिळणारे. आपली नोट अस्वच्छ आहे असे त्यांना आपण न बोलता सांगत असतो.

हे मी दुसऱ्यांना शिकवीत नाही. गणेशोत्सवात आरतीच्या तबकाशेजारी कार्डाचे यंत्र ठेवावे आणि तबकात पैसे घेऊ नयेत ही सूचना आमच्याकडे मीच मांडली होती, आणि कारण दिले होते स्वच्छतेचे. ती मी मागे घेतली. यंत्रही राहू दे, तबकही राहू दे. ज्यांना नाणे कपाळाला लावून देवापुढे ठेवायचे आहे त्यांनी ठेवावे. प्रसादाआधी सर्वांनीच हात धुवावेत, यंत्र वापरणाऱ्यांनीसुद्धा. त्या यंत्राची बटणे कोण पुसतो?

मावशींचा भाजीपाला अजून मीच आणतो. नोट त्यांच्या हातून माझ्या हातात येते. मग मी घरी जाऊन हात धुतो, त्याही आपले धुतात. डबा मी केव्हाच घासून स्वयंपाकघरात परत ठेवला.