दीडशे रुपयांची तोफ

कळस हे इंदापूर तालुक्यातले गाव. भीमेपलीकडे परांड्याचा किल्ला. एके काळी हा सारा मुलूख निजामशाहीचा. तिने गमावलेल्या एका तोफेची ही हकीकत.

तोफेचे नाव मलिक-ए-मैदान. आपल्या बोलीत मुलूख-मैदान. बुऱ्हाण निजामशाहच्या कारकिर्दीत, 1549 साली, महंमद बिन हसन रूमी या तुर्की उस्तादाने ती अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ओतली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात हत्ती. पुढे ती परांड्यात आली. 1632 मध्ये आदिलशाहीचे सरदार मुरार जगदेव यांनी ती विजापूरला नेली. चार वर्षांत निजामशाही बुडाली. तोफ गेली म्हणून राज्य गेले, असे मात्र नाही. 1626 मध्ये मलिक अंबर गेल्यावर दरबारात एकी उरली नव्हती, तेव्हाच सारे हातचे सुटत चालले होते.

खरी शरम पुढेच आहे. 1854 मध्ये इंग्रज अंमलात ही तोफ लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली लागली दीडशे रुपयांची! सुदैवाने विक्री रद्द झाली, म्हणून ती आजही विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे.

इंग्रजांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या घरातल्या सनदा, इनामाचे कागद, आजोबांच्या फारसी-मोडी वह्या आपण कुठल्या भावाने रद्दीत घातल्या? तोफेचा लिलाव रद्द झाला. रद्दीवाला मात्र परत येत नाही.