राणीखेतचे नाव आणि परसातली कोंबडी

आपल्या गावरहाटीत कोंबड्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. कित्येक घरांच्या स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही. परंतु गोव्यात व तळकोकणात अनेक गावी राखणदाराचा मान त्याच्यावाचून पुरा होत नाही. देवळाच्या वाटेवर ज्या घरांच्या परसात खुराडे दिसते, त्या घरांत कोंबडी हे बहुधा गृहिणीचे स्वतःचे धन असते. चार अंडी विकून ती मुलाची वही आणते. अशी कोंबडी आजारी पडली म्हणजे त्या घराला लागणारी चिंता थट्टेवारी नेण्याजोगी नव्हे.

त्यांतही एका आजाराचे भय सर्वांत मोठे. कोंबडी खाणे टाकते, पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगवण सुरू होते. पुढे पाय लुळे पडून मान पिळवटते. या शेवटच्या खुणेवरून आपल्याकडे त्याला ‘मानमोडी’ म्हणतात. पशुवैद्य मात्र ‘राणीखेत’ म्हणतात. हिमालयातल्या गावाचे नाव आमच्या खुराड्यापर्यंत कसे आले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

१९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे या रोगाची नोंद झाली. पूर्वी ठाऊक असलेल्या कोंबड्यांच्या साथीहून हा निराळा, हे डॉइल यांनी १९२७ मध्ये दाखविले. त्याच वर्षी कुमाऊ प्रांतातील राणीखेत येथे तो प्रकटला आणि १९२८ मध्ये मुक्तेश्वर येथील संस्थेचे एडवर्ड्स यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. बिचाऱ्या राणीखेतचा दोष एवढाच, की तेथे पाहणारा डोळस माणूस जवळ होता!

या मुक्तेश्वरच्या संस्थेचे माहेर आमचे पुणे. १८८९ साली तेथे स्थापन झालेली ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये सुमारे ७,५०० फूट उंचीवरील मुक्तेश्वरी हलविण्यात आली. गुरांच्या बुळकांड्या रोगासारख्या भयंकर साथींचा अभ्यास वस्तीपासून दूर व्हावा, हा त्यातील हेतू होता.

मेलेल्या कोंबड्या चिरून पाहता अनेकदा जठराच्या आतल्या अस्तरावर रक्ताचे ठिपके दिसत. आपल्या आजीबाई पोटाचे दुखणे समजून लसूण-हळद भरवीत. त्यांची माया खरी होती, पण दुखण्याचे मूळ अपचनात नसून विषाणूत होते. त्यावर गुणकारी औषध आजही नाही. उपाय सापडला तो प्रतिबंधाचा, आणि तोही अंड्यात! गर्भ धरलेल्या अंड्यांतून विषाणू पुनःपुन्हा वाढवून मुक्तेश्वर येथे तो सौम्य करण्यात आला. हॅडो आणि इदनानी यांनी १९४६ मध्ये या लसीचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

मग आजारी कोंबडीचे काय करावे? तिला इतरांपासून वेगळे, उबेत ठेवावे. स्वच्छ पाणी व मऊ अन्न पुढे ठेवावे आणि पशुवैद्यास दाखवावे. हिरवी हगवण पाहून लगेच मानमोडीच ठरवू नये. उपाशी कोंबडीची विष्ठाही हिरवट होते, आणि जंतांसारख्या काही विकारांवर औषध आहे. तिला हाताळल्यावर हात धुवावेत. या विषाणूने माणसाचेही डोळे येतात. मेलेली कोंबडी ओढ्यात न टाकता खोल पुरावी.

उरलेल्या निरोगी कोंबड्यांचे रक्षण लसच करते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सौम्य लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. सहा ते आठ आठवड्यांनी मुक्तेश्वरी लस टोचतात. अडचण निराळीच आहे. लसीची एक कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांना पुरते, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर थोड्या तासांत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या घराने एकटीने ती आणावी कशी?

याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, वाड्यावर आहे. जत्रेसाठी, पालखीसाठी, देवळाच्या सारवणासाठी आम्ही दिवस ठरवून एकत्र जमतो. तसाच एक दिवस ठरवून साऱ्या वाड्याच्या कोंबड्यांना लस टोचून घेतली, तर खर्च नाममात्र येईल. राखणदाराकडे आम्ही गावाचे रक्षण मागतो. त्या रक्षणातला आपला वाटा आपणच उचलावा, हे त्यालाही मानवेल असे आम्हांस वाटते.