घरी आणलेलं कासव आणि पहिली थंडी : आधी ऊब, मग अन्न

पावसाळ्यात शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी किंवा रस्ता ओलांडताना कासव सापडतं. 'लक्ष्मी चालून आली' म्हणून कुणीतरी ते घरी आणतं आणि ते परसात किंवा प्लास्टिकच्या टबात राहू लागतं. दिवाळीपर्यंत ते बरं खातं-पितं. मग रात्री गार पडू लागतात, कासव खाणं सोडतं आणि डोळे मिटून कोपऱ्यात पडून राहतं. घरचे म्हणतात, झोपलंय, शीतनिद्रा आहे ती. अनेकदा ती झोप नसते, आजारपणाची सुरुवात असते.

शीतनिद्रेचा गैरसमज

कासव फ्रीजमध्ये किंवा पेंढ्याच्या खोक्यात ठेवून हिवाळाभर झोपवतात, असे व्हिडिओ मोबाइलवर दिसतात. ती पद्धत ग्रीक किंवा हरमन कासवांसारख्या भूमध्य सागराकडच्या जातींसाठी आहे. ती कासवं ५ अंशांच्या आसपास खरोखरच झोपतात. आपल्याकडचं स्टार कासव, म्हणजे काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या असलेलं, गुजरात-राजस्थान आणि दक्षिण भारतातल्या कोरड्या झुडपी रानातलं. थंडीत ते सुस्तावतं, पण शीतनिद्रा घेत नाही. त्याला खोक्यात बंद करून गारठ्यात ठेवणं जिवावर बेततं.

आधी कायदा

स्टार कासव आणि तळ्यात सापडणारं मऊ पाठीचं पाणकासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा असून शिक्षा ३ ते ७ वर्षं कैदेची आहे. हा केंद्राचा कायदा आहे. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही राहा, नियम तोच. श्रद्धेपोटी ठेवलं, हे कारण चालत नाही.

म्हणून सापडलेलं कासव वनखात्याकडे देणं हाच मार्ग. महाराष्ट्र आणि कर्नाटकात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. इतर राज्यांत जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावं. कासव रस्ता ओलांडताना दिसलं आणि धडधाकट असेल, तर ज्या दिशेने चाललं होतं त्याच बाजूला उचलून ठेवावं आणि सोडून द्यावं. घरी आणूच नये.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं हिरवं कासव मात्र अमेरिकेतलं आहे. माशांच्या दुकानातून घेतलेलं, मग कंटाळून सोडून दिलेलं. ते तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये. इथल्या कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर ते हक्क सांगतं.

वनखात्याची माणसं येईपर्यंत

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. अंग गार असलं तर पोटातलं अन्न पचत नाही, आतच कुजतं. म्हणून गारठलेल्या कासवाच्या तोंडात काही कोंबू नये.

- जागा : ग्वाल्हेरला जानेवारीच्या रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, गोव्यात २० च्या घरात राहतो. दोन्हीकडे फरशी मात्र गारच असते. रात्री कासव घरात घ्यावं, खाली कोरडं गोणपाट किंवा वर्तमानपत्र घालावं. गारवा आणि ओल एकत्र आली की छाती भरते.
- ऊब : स्टार कासवाला दिवसा २६ ते ३२ अंश लागतात, रात्री २० च्या खाली जाऊ देऊ नये. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब एका कोपऱ्यावर, हातभर उंचीवर टांगावा. दुसरा कोपरा थंड ठेवावा, म्हणजे नको वाटलं तर ते सरकू शकेल. बल्बजवळ कापड नको.
- ऊन : सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर मिळावं, बाजूला सावली असावी. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा कवचाला उपयोग नाही. हाडं मजबूत करणारे किरण काच अडवते.
- पाणी : दिवसा, ऊब असताना, कोमट पाण्याच्या उथळ परातीत पंधरा मिनिटं ठेवावं. पाणी हनुवटीच्या वर नको. नंतर पुसून कोरडं करावं. जमिनीवरचं कासव पोहत नाही. टबात टाकलं तर बुडतं.
- खाणं : अंग उबदार झाल्यावरच गवत, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं द्यावीत. पोळी, भात, दूध, बिस्किटं बंद. पालक रोज नको.
- पाणकासव : त्याला कोमट, स्वच्छ पाणी आणि चढून बसायला कोरडा दगड, दोन्ही हवं. मऊ पाठीचं कासव मान लांब काढून चावतं, म्हणून मागून धरावं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नये

नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, सुजलेले किंवा चिकटलेले डोळे, बोटाने दाबलं जाणारं कवच, पाण्यात एका बाजूला कलंडून तरंगणं. कासवाला खोकून कफ बाहेर काढता येत नाही, त्यामुळे न्यूमोनिया लवकर बळावतो. वनखात्याला तसं सांगून पशुवैद्यांना लगेच दाखवावं. माणसाची औषधं देऊ नयेत. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना जपावं.

सोपवताना एक गोष्ट सांगावी

कासव नेमकं कुठे आणि कधी सापडलं, हे वनकर्मचाऱ्यांना जरूर सांगावं. गाव, शिवार, ओढा, महिना, जे आठवेल ते. बरं झालेलं कासव जिथलं तिथे परत सोडता आलं तरच त्याचा निभाव लागतो. परक्या रानात सोडलेलं कासव वाट चुकतं, आणि सोबत रोगही नेऊ शकतं. त्याचं घर कुठलं, हे बऱ्याचदा ते उचलून आणणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं.