मागणी पगाराची नव्हे, यंत्रांची



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस पाचारण केले तेव्हा आम्ही एखाद्या जुन्या संपाचा इतिहास सांगावा, अशी त्यांची इच्छा होती. ती आम्ही पुरी करणार आहोत. मात्र हा संप फार जुना नाही, आणि त्याची मागणीही नेहमीची नाही. ११ जुलै २००७ रोजी भारत संचार निगमाच्या कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला. आमची हयात कामगारांत गेली. पगार, महागाईभत्ता, बोनस, कामाचे तास या मागण्या आम्हांस तोंडपाठ आहेत. या संपाची मुख्य मागणी त्यांपैकी एकही नव्हती. मोबाईलच्या यंत्रसामग्रीची अडलेली खरेदी ताबडतोब करावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ती बातमी वाचून आम्ही हसलो होतो, हे प्रथमच कबूल केलेले बरे. मालकाने यंत्रे घ्यावीत म्हणून कामगाराने आपला एक दिवसाचा पगार बुडवायचा? पुढे आमच्या परिचयाचे एक टेलिफोन मेकॅनिक चहाच्या टपरीवर भेटले. त्यांना आम्ही थट्टेनेच विचारले. ते म्हणाले, "भाऊ, मृग बरसतोय आणि घरात बियाणं नाही. मग सुगीला सगळे आम्हांलाच विचारणार, की पीक कुठंय?" आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि अशा टपऱ्यांवर झाले. त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी आम्ही जे वाचले व विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. कारण त्यावाचून मागणीचा अर्थ कळणार नाही. रेडिओलहरींचा पट्टा मर्यादित असतो. एकाच लहरीवर एकाच ठिकाणी दोघे बोलू लागले तर कोणाचेच कोणास ऐकू जाणार नाही. मग हजारो माणसांनी बोलावे कसे? याचे उत्तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली कागदावर मांडले गेले. प्रदेशाचे लहान लहान घरांत तुकडे पाडायचे, प्रत्येक घराला एक मनोरा द्यायचा, शेजारशेजारच्या घरांना वेगळ्या लहरी द्यायच्या, आणि चार घरे सोडून पलीकडे त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. या घराला इंग्रजीत 'सेल' म्हणतात; त्यावरून सेल्युलर हे नाव पडले.

दुसरी युक्ती पाळीची. पाटाचे पाणी आठ शेतकऱ्यांनी पाळीपाळीने घ्यावे, तशी जीएसएम पद्धतीत एक लहर आठ जणांत वाटली जाते. शेतात पाळी आठवड्याने येते. येथे ती एका सेकंदात दोनशेहून अधिक वेळा फिरते. म्हणून आपले बोलणे तुटक होते आहे हे कानाला उमगतच नाही. मात्र आठांतली निदान एक पाळी यंत्रांच्या आपसांतील निरोपांसाठी राखून ठेवावी लागते. तेव्हा मनोऱ्यावर एकच लहर असेल तर एका वेळी सात जण बोलणार. आठव्याला 'सर्व मार्ग व्यस्त आहेत' हेच ऐकावे लागणार.

तिसरी गोष्ट खातेवहीची. सोलापूरचा ग्राहक नाशिकला उतरला, की त्याच्या खिशातला फोन तेथल्या मनोऱ्याला गुपचूप आपली हजेरी कळवतो. नाशिकच्या केंद्रात पाहुण्यांच्या वहीत त्याचे नाव चढते आणि तो कोठे आहे याची नोंद त्याच्या मूळ वहीतही होते. त्याला कोणी फोन लावला की प्रथम मूळ वही उघडली जाते, मग नाशिकच्या केंद्रास विचारणा होते, आणि मग त्या भागातले मनोरे त्याला हाक घालतात. बोलता बोलता बस कसारा घाट उतरू लागली तर एक मनोरा त्याला दुसऱ्याच्या हवाली करतो. हे सारे दोन-चार सेकंदांच्या आत होते.

आता 'लाइन' या शब्दाचा अर्थ ध्यानात येईल. मोबाईलला तार नसते, तरी खरेदीच्या कागदांत लाइन हाच शब्द असतो. एक लाइन म्हणजे आणखी एका ग्राहकासाठी वहीत, केंद्रात आणि मनोऱ्यावर मिळून केलेली जागा. जागा भरली की नवे सिमकार्ड देता येत नाही. दिलेच तर जुन्यांचे बोलणे तुटू लागते.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी हा धंदा खासगी कंपन्यांकडे होता. चार महानगरांत प्रत्येकी दोन परवाने देण्यात आले होते. मुंबईत ते बीपीएल आणि हचिसन मॅक्स यांच्याकडे होते. बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जाई, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. ती श्रीमंतांची चैन होती.

सरकारी दूरसंचार खाते या धंद्यात नव्हते. १९९९ च्या नव्या धोरणाने त्याला तिसरा भागीदार म्हणून दार उघडले. त्याच धोरणाने खासगी कंपन्यांना ठरीव परवानाशुल्काच्या ओझ्यातून सोडवून उत्पन्नाच्या वाट्यावर आणले. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे निगमात रूपांतर झाले. त्याआधी सप्टेंबरात कर्मचाऱ्यांनी संप केला आणि निवृत्तिवेतनाची सरकारी हमी पदरात पाडून घेतली. तीन लाखांहून अधिक माणसे खात्यातून निगमात आली.

निगमाची मोबाईल सेवा १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौ येथे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झाली. गावोगावी सिमकार्डासाठी रांगा लागल्या. २००३ साली येणारा फोन फुकट झाला. १ मार्च २००६ पासून निगमाने देशात कोठेही एक रुपयात मिनिटभर बोलण्याची योजना आणली. शेतमजूर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्या हाती फोन आला तो या काळात. एकट्या निगमाने हे केले असे आम्ही म्हणत नाही; खासगी कंपन्यांची चढाओढही होती. पण दर खाली ओढणारा एक सरकारी हात बाजारात होता, हे विसरून चालणार नाही. २००४-०५ साली निगमाचा नफा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. ही संस्था त्या वेळी आजारी नव्हती, धट्टीकट्टी होती.

आणि नेमक्या याच वेळी मृग सुरू झाला. मार्च २००६ अखेर देशात मोबाईलचे ग्राहक दहा कोटींच्या आसपास होते. मार्च २०१० अखेर ते अठ्ठावन्न कोटींवर गेले. असा पाऊस एका पिढीत एकदाच पडतो. ज्याच्याजवळ बियाणे होते त्याने पेरले, ज्याच्याजवळ नव्हते त्याचे रान पडीक राहिले. निगमाने २००६ साली ४ कोटी ५५ लाख लाइनींची निविदा काढली होती. अपात्र ठरलेली एक कंपनी न्यायालयात गेली. २००७ साली मंत्रालयाकडून दरावर आक्षेप निघाला. दर तपासणे गैर होते असे आम्ही म्हणणार नाही. जनतेचा पैसा आहे, तपासलाच पाहिजे. पण तपासणीच्या पायी हंगाम निघून गेला. याच अडलेल्या खरेदीसाठी ११ जुलैचा तो संप होता. अखेर खरेदीचा आकडा निम्म्यावर आला. पुढे ९ कोटी ३० लाख लाइनींची दुसरी निविदा निघाली. ती २०१० साली रद्द झाली.

त्याच वर्षी तिसऱ्या पिढीच्या लहरींचा लिलाव झाला. निगमाला लहरी आधीच मिळाल्या होत्या, पण किंमत लिलावात ठरेल ती भरायची होती. त्या लहरींचे आणि ब्रॉडबँडच्या लहरींचे मिळून सुमारे १८,५०० कोटी रुपये निगमाने भरले. खासगी कंपनी आपल्याला परवडेल तो मुलूख निवडत होती; निगमाला निवड नव्हती. गंगाजळी अशी रिती झाली. २००९-१० साली निगमाला पहिल्यांदा तोटा झाला, १,८२३ कोटी रुपयांचा. त्यानंतर तोटा पाचवीला पुजला गेला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने चौथ्या पिढीची सेवा सुरू केली, तेव्हा निगमाच्या हाती त्या पिढीचे जाळे नव्हते.

आता आम्हांस नेहमी ऐकवला जातो तो आकडा पाहू. २०१८-१९ साली निगमाच्या उत्पन्नातले शेकडा पंचाहत्तर रुपये पगारावर खर्च झाले. मग बुडणार नाही तर काय? आकडा खरा आहे. परंतु अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो, हे आम्ही रात्रशाळेत शिकलो. २००५-०६ च्या सुमारास उत्पन्न चाळीस हजार कोटी होते. २०१८-१९ साली ते एकोणीस हजारांवर आले. या काळात माणसांची संख्या वाढली नाही, उलट दरसाल घटत गेली. घर भाड्याने द्यायचे नाही, आणि मग म्हणायचे की रखवालदाराचा पगार भाड्याच्या मानाने फार आहे, असा हा हिशेब आहे.

२०१९ साली पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. सुमारे ७८ हजार माणसे ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी घरी गेली. निगमातली निम्म्याहून अधिक. आमचे टपरीवरचे मित्र त्यांत होते. कोणत्या रस्त्याखालून केबल कशी गेली आहे, कोणत्या पेटीत पावसाचे पाणी शिरते, हे त्यांच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. ते ज्ञान त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी गेले. नक्षलग्रस्त भागांत, आपल्या गडचिरोलीतही, जेथे फायदा नाही म्हणून कोणी जात नव्हते तेथे मनोरे उभारण्याचे काम २०१४ साली निगमाकडेच सोपवले होते, हेही या ठिकाणी नोंदवून ठेवतो.

शेवट निराशेचा नाही. २०२० साली चौथ्या पिढीची निविदा पुन्हा रद्द झाली आणि यंत्रणा देशातच घडवण्याचा निर्णय झाला. १९८४ साली खेड्यांना परवडतील अशी टेलिफोन केंद्रे बनवण्यासाठी स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने तिचे केंद्रस्थान बनवले, तेजस कंपनीने मनोऱ्यावरची उपकरणे दिली, आणि टाटा कन्सल्टन्सीने सारे जुळवले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या स्वदेशी जाळ्याचे उद्घाटन झाले. अशी संपूर्ण यंत्रणा स्वतः घडवणारे देश जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. या कामाचा आम्हांस अभिमान आहे. पण जिओनंतर नऊ वर्षांनी आलेली ही सेवा म्हणजे वरातीमागून घोडे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आता आमच्या चळवळीचा दोष. ११ जुलै १९६० च्या मध्यरात्री केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. टपाल आणि तार खात्याचे लोक त्यात होते. मागणी किमान वेतनाची व महागाईभत्त्याची होती. बरोबर सत्तेचाळीस वर्षांनी, योगायोगाने त्याच तारखेस, त्याच खात्याच्या वारसांनी यंत्रांसाठी संप केला. पोटाच्या मागणीवरून संस्थेच्या मागणीपर्यंत कामगार येऊन पोचला होता. ही केवढी मजल! पण गावातला एक माणूस त्यांच्या पाठीशी उभा राहिला नाही. का? मक्तेदारीच्या काळात देशभर लोकांनी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. बंद फोन दुरुस्त व्हावा म्हणून खेटे घातले होते. त्या काळी कामगार संघटनांनी, आमच्यासकट सर्वांनी, ग्राहकाला आपला मानले नाही. तो खिडकीच्या पलीकडचा आणि आम्ही अलीकडचे. मग आम्ही जेव्हा त्याच्यासाठी भांडलो तेव्हा त्यालाही ते आपले भांडण वाटले नाही. आम्ही हसलो, तसाच तोही हसला.

यंत्राची पेरणी वेळेवर व्हावी लागते, तशी लोकांच्या विश्वासाचीही. सार्वजनिक संस्था टिकवायची तर तिच्यातल्या कामगाराने आपले काम चोख करून आधी तो विश्वास कमवावा. आणि नागरिकांनी, कामगार जेव्हा पगाराऐवजी अवजार मागतो, तेव्हा थांबून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा, निदान आम्ही हसलो तसे आपण हसू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.